पाच किलो तूरडाळ आणि एक टेडी

ताई, सलाम.

मी भुसावळची, वय ३३, एका खासगी शाळेत शिकवते. हे रेल्वेत मालगाडीवर गार्ड आहेत. दोघांची घरं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, रविवार सहसा चुकत नाही. मला व्हॅलेंटाइन डे या प्रकाराचा मनापासून तिटकारा आहे. ७ फेब्रुवारी उजाडली की स्टाफरूममध्ये रोझ डे, प्रपोज डे, चॉकलेट डे सुरू होतं आणि कुणी ना कुणी मला म्हणतंच, "काय मॅडम, तुमचा सण आला ना?" त्याच बाई दोन दिवसांनी "ही काही आपली संस्कृती नाही" असंही म्हणतात. चर्चच्या मंडळीत वेगळं चित्र नाही. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की हे सगळं जगिक, म्हणजे दुनियादारीचं, आहे, आणि तरुण संघाने यंदा १५ तारखेला रविवारी रात्री 'कपल्स नाइट' ठेवली. जोडप्याला ५०० रुपये तिकीट, लाल पडदे, फुगे, केक.

१० तारखेला हे खंडव्याहून ड्यूटी करून आले. अंगात युनिफॉर्म, पाठीवर बॅग आणि काखेत गुडघ्याएवढा लाल टेडी. त्याच्या पोटावर इंग्रजीत 'आय लव्ह यू'. ८५० रुपये! माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढ्यात पाच किलो तूरडाळ आली असती." हे काही बोलले नाहीत. टेडी कपाटावर ठेवला, अंघोळ केली, झोपले. कपल्स नाइटलाही मीच नको म्हटलं.

मी चुकीचं बोलले असं मला अजून वाटत नाही. एका दिवसात प्रेम दाखवून काय होतं? बाकीचे ३६४ दिवस कुठे जातात? मुलगी झाली तेव्हा हे बडनेऱ्याच्या रनिंग रूममध्ये, ड्यूटीवरच्या स्टाफच्या विश्रांतीच्या खोलीत, होते. असो. पण तेव्हापासून घर गार पडलंय. आता ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला, प्रार्थनेला बसले की तेच डोक्यात येतं. 'देव प्रीती आहे' हे मी संडे स्कूलच्या पोरांकडून पाठ करून घेते आणि प्रेमाचा विषय निघाला की माझंच तोंड कडू होतं. हा विश्वासातला कोरडेपणा म्हणायचा का? आणि तो टेडी संडे स्कूलच्या मुलांना देऊन टाकला तर चालेल का?

– एक बहीण, भुसावळ


सलाम बाई.

बाजारावरून तुझं-माझं भांडण होणार नाही. दोन पैसे सुटतात असं दिसलं की बाजार कुठल्याही सणात हात घालतो, त्याला धर्मबिर्म काही नसतो. आपल्या खान्देशातली अक्षय्य तृतीया, म्हणजे आखाजीच घे. आखाजी म्हणजे सासरी गेलेल्या पोरी माहेरी येणार, झाडाला झोके बांधणार, गौराईची गाणी म्हणणार. पितरांच्या नावाने घागर भरायची, सांजोऱ्या करायच्या. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल त्या दिवशी संपायचं आणि नवं साल धरायचं तेही त्याच दिवशी. यात सोनं कुठे होतं? आता आखाजीच्या आठ दिवस आधीपासून सराफांच्या पानभर जाहिराती येतात आणि 'सोनं नाही घेतलं तर सणच नाही झाला' असं बायकांना वाटायला लागतं. नाताळाचं तरी काय झालंय? डिसेंबर लागला की जळगावच्या फुले मार्केटात लाल टोप्या आणि प्लास्टिकची झाडं लटकतात. त्या टोप्यांवरून चिडून तू नाताळ बंद केलेला नाहीस. मग व्हॅलेंटाइनवरच एवढा दात का, हे मी तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना शोधत होते.

थोडा दात स्टाफरूमवर आहे, तो आधी निपटून टाकू. 'तुमचा सण' हे आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. वर्षभर आपण कोण हे कुणी विचारत नाही, आणि लाल फुगे दिसले की एकदम मालकी आपल्याकडे! खरं म्हणजे आपल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या वर्षात हा दिवस नाहीच. रोमन कॅथलिक चर्चमध्ये होता, पण त्यांनीही १९६९ साली सार्वत्रिक दिनदर्शिकेतून तो काढला. कारण सरळ होतं. व्हॅलेंटाइन नावाचा कुणी हुतात्मा रोमजवळच्या फ्लामिनिया रस्त्यालगत पुरला गेला, यापलीकडे खात्रीचं फारसं हाती लागत नाही. तो रोमचा पुरोहित, का तेर्नी गावचा बिशप, का दोघे एकच, इथूनच घोळ सुरू होतो. जेलरच्या मुलीला लिहिलेली चिठ्ठी आणि सैनिकांची चोरून लावलेली लग्नं हे सगळं मागाहून चिकटलेलं. आता त्या तारखेला कॅथलिक लोक सिरिल आणि मेथोडियस या दोन भावांची आठवण करतात. स्लाव लोकांना त्यांच्या भाषेत शास्त्र वाचायला मिळालं ते या भावांमुळे, आणि सिरिल वारला तो १४ फेब्रुवारी ८६९ला.

प्रेमिकांशी या दिवसाची गाठ बांधली गेली ती पार चौदाव्या शतकात, या दिवशी पाखरं जोडीदार निवडतात असं एका इंग्रज कवीने लिहिलं तिथून. पुढे एकोणिसाव्या शतकात छापील कार्डं आणि हृदयाच्या आकाराचे चॉकलेटचे डबे आले. आपल्याकडे तर तो १९९० नंतर केबल टीव्हीचा आणि कार्डांच्या दुकानांचा हात धरून आला. एवढं पुराण त्या मॅडमना सांगत बसू नकोस. "आमच्या चर्चमध्ये हा सण नसतो हो, तुम्हीच सांगा कसा करतात," एवढं हसून म्हणालीस तरी पुरे. बोलणारीच्या मनात बहुतेक वेळा डूख नसतो, माहिती नसते.

आता तूरडाळीकडे वळू.

तुझं ते वाक्य वाचलं आणि मला योहानाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय आठवला. तू संडे स्कूलला शिकवतेस, तुला तो तोंडपाठ असणार. बेथानीत जेवण चाललंय. मरिया जटामांसीचं महागडं सुगंधी तेल आणते, प्रभूच्या पायांना लावते, केसांनी पुसते आणि घरभर वास पसरतो. तेवढ्यात एकजण हिशेब मांडतो: हे तीनशे दीनारांना विकून गरिबांना का नाही दिलं? दीनार म्हणजे त्या काळी मळ्यातल्या मजुराचा दिवसाचा रोज. सणवार आणि शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, वगळले तर तीनशे दीनार म्हणजे आपल्याकडच्या सालदाराचं आखाजी ते आखाजी अख्खं साल, एका बैठकीत पायांवर ओतलेलं! हिशेबात काडीची चूक नव्हती. हिशेब करणारा यहूदा होता, पुढे प्रभूला धरून देणारा, आणि पैशाची थैली त्याच्याकडे असायची.

घाबरू नकोस, तुला यहूदाच्या रांगेत बसवत नाहीये. बेथानीतल्या अशाच तेलाची हकिगत मत्तय आणि मार्क सांगतात तेव्हा तिथे कुरकुरणारे बाकीचेच आहेत. मत्तय तर सरळ 'शिष्य' म्हणतो. ही काही वाईट माणसं नव्हती. काटकसरी होती, गरिबांची काळजी असलेली होती, तुझ्या-माझ्यासारखी. तरी प्रभूने त्यांचा हिशेब तपासायलाच घेतला नाही. तेल स्वस्तातलं आहे असं तो म्हणाला नाही, आणि गरिबांना देऊ नका असं तर मुळीच नाही. म्हणाला, तिच्या वाटेला जाऊ नका. तेलाचा भाव सगळ्यांना दिसत होता, बाई कुणालाच दिसत नव्हती.

तुझ्या पत्रातही तसंच झालंय. टेडीचा रंग आहे, उंची आहे, किंमत आहे, पोटावरची अक्षरं आहेत. आणणारा दीड ओळीत आटोपलाय. मालगाडीवरच्या गार्डचं जिणं मला थोडंफार माहीत आहे. (रेल्वेने २०२२ साली त्यांना ट्रेन मॅनेजर केलं, पण भुसावळात अजून गार्डसाहेबच चालतं.) मालगाडीला पॅसेंजरसारखा टाइम नसतो. एखाद्या बारक्या स्टेशनात लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकली की दोन-दोन तास उभी, आणि हा माणूस शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये एकटा, रात्रीचा, फेब्रुवारीच्या गारठ्यात. अशी ड्यूटी संपवून, साइन ऑफ करून तो सरळ घरी आला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. तो दुकानात गेला. कॉलेजच्या पोरांच्या घोळक्यात युनिफॉर्मवर उभा राहिला आणि "तो लाल केवढ्याला?" म्हणून विचारलं. मग ती गुडघ्याएवढी वस्तू काखेत मारून भुसावळसारख्या गावातून चालत आला, जिथे दर चौथा माणूस रेल्वेचा आणि त्यातले निम्मे ओळखीचे. दुसऱ्या दिवशी ड्यूटीची हजेरी लागते त्या लॉबीत त्याची किती खेचली असेल देव जाणे. व माय, आपल्याकडचे नवरे बायकोची पिशवी धरायला लाजतात!

वस्तू दिसायला भयंकर असेल. मलाही असा टेडी घरात नको असतो, धूळ खातो. पण आवडनिवड वेगळी आणि बाजारावरचा राग वेगळा. बाजाराला फटकारायला शास्त्रातलं वचन हवंच असेल तर गीतरत्नाच्या आठव्या अध्यायात आहे: घरची सगळी दौलत देऊन कुणी प्रेम विकत घेऊ पाहील तर त्याला तुच्छच लेखतील. ते खुशाल दुकानाच्या पाटीवर लाव. तुझा नवरा काही विकत घ्यायला निघाला नव्हता. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि त्याच्याजवळ शब्द नव्हते, म्हणून त्याने छापील घेतले. आपल्याकडच्या पुष्कळ पुरुषांना आई-बापांनी, शाळेने, मंडळीने, कुणीच हे बोलायला शिकवलेलं नाही. प्रार्थना मोठ्याने करतील, साक्ष देतील, पण बायकोसमोर बसून 'तू मला हवीस' म्हणायची वेळ आली की घसा बसतो. बाजाराने ही अडचण बरोबर हेरली. त्याचा धंदा चालतो तो आपल्या मुकेपणावर.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात मोठं वाटलेलं वाक्य तू 'असो' म्हणून गुंडाळलंस. मुलगी झाली तेव्हा हे बडनेऱ्याच्या रनिंग रूममध्ये होते. पुढे एक शब्द नाही. बाळंतपण कसं झालं, सोबत कोण होतं, तुला किती भीती वाटली, काही नाही. अगं, ८५० रुपयांवर एवढी आग होत नसते. '३६४ दिवस कुठे जातात' हा प्रश्न त्या टेडीला विचारून उपयोग नाही, त्याचा रोख वेगळाच आहे. त्या रात्री तू एकटी होतीस आणि त्याचा हिशेब अजून उघडा आहे. त्यावर कुणी मखमली अस्वल आणून ठेवलं तर संतापच येणार.

'प्रीती अपकार स्मरत नाही' हे करिंथकरांच्या पत्रातलं वाक्य आपल्याकडे प्रत्येक लग्नात वाचतात, आणि ते अशा बायकांच्या डोक्यावर मारायला वापरतात, याची मला चीड आहे. विसर म्हणून कुणी विसरत नाही. प्रेषित पौलाने ते पत्र आपसात भांडणाऱ्या, गट पडलेल्या मंडळीला लिहिलं होतं, गोड नवराबायकोला नव्हे. आणि त्याच पत्रात त्याने एकेक तक्रार नाव घेऊन, उघड्यावर आणून निस्तरली आहे. तेव्हा तूही आधी ती रात्र उघड्यावर आण.

कधी आणि कसं, हे सांगते. ड्यूटीवरून आल्या आल्या नको, तेव्हा माणूस अर्धा झोपेत असतो. ड्यूटीचा कॉल आल्यावर तर मुळीच नको, तेव्हा त्याचं लक्ष डब्यात आणि घड्याळात असतं. रेस्ट असेल तो दिवस धर. मुलगी आजीकडे किंवा शेजारी. सुरुवात डाळीपासून कर: "मी त्या दिवशी डाळीचं बोलायला नको होतं. मला टेडी आवडत नाहीत, पण तुम्ही दुकानात गेलात हे आवडलं." हे खरं वाटत असेल तरच म्हण, खोटं त्याला लगेच कळेल. मग बडनेरा. तुला कसं झालं ते सांग आणि त्याला विचार, त्या रात्री तुम्ही तिथे काय करत होतात? मला खात्री आहे की हे तू त्याला आजवर विचारलेलं नाहीस. मुलगी झाल्याचा फोन रनिंग रूमच्या कॉटवर बसून घेतलेल्या माणसाकडेही त्या रात्रीची एक गोष्ट असेल, आणि ती बहुतेक त्यानेही 'असो' म्हणून ठेवून दिली असेल. तो गप्प बसला तर बसू दे. एका बैठकीत उरकेल असं समजू नकोस.

आणि तुला काय हवंय तेही स्पष्ट सांग. नवऱ्याला आपोआप कळलं पाहिजे ही अपेक्षा सिनेमावाल्यांनी शिकवलेली आहे, तीही बाजारातलीच. तुला त्याने लाइनवरून रोज एक फोन करायला हवा असेल, मुलीच्या शाळेच्या मीटिंगला एकदा तरी यायला हवं असेल, तर तसं म्हण. भरिताच्या हिरव्या वांग्यांचा हंगाम अजून पुरता सरलेला नाही. रावेर-यावलकडे तुमचं कुणी असेलच. त्यांच्या मळ्यात एक संध्याकाळ जा. पऱ्हाट्यांवर वांगी भाजायचं काम त्याला दे, कळण्याच्या पुऱ्या घरून करून ने. आपल्या जिल्ह्यात नवराबायको असंच बाहेर जेवतात आणि त्याला कुणी डे म्हणत नाही.

विश्वासातला कोरडेपणा म्हणतेस, तो मला दिसत नाही. कोरड्या माणसाला प्रार्थनेला बसल्यावर काही आठवत नाही, तुला आठवतंय. तुझा कडवटपणा देवावर नाही, बडनेऱ्यावर आहे. हल्ली काय झालंय, आपण ख्रिस्ती लोक एखादी गोष्ट 'जगिक' म्हणून बाजूला सारली की ती पवित्र वाटते, मग आत काय खुपतंय ते बघायला नको. पाळकसाहेबांचा उपदेश चूक आहे असं मी म्हणत नाही. पण तो उपदेश तू बाजाराविरुद्ध ऐकलास आणि वापरलास नवऱ्याविरुद्ध.

आणि काळ अगदी बरा निघालाय. यंदा भस्म बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आला, व्हॅलेंटाइननंतर चौथ्या दिवशी. २०२४ साली दोन्ही एकाच दिवशी पडले होते, २०२९ मध्ये पुन्हा पडतील. तेव्हा कुणी कुणी नाक मुरडलं होतं की सकाळी कपाळाला राख आणि संध्याकाळी हातात गुलाब, हे काय? मला त्यात वावगं काही वाटलं नाही. 'तू माती आहेस' हे सकाळी राख लावून घेताना ऐकलेला माणूस संध्याकाळी बायकोसाठी फूल घेऊन आला, तर त्याला ते नीट ऐकू आलं असं मी म्हणेन. या चाळीस दिवसांत तू काय सोडणार आहेस मला ठाऊक नाही. चहा सोडण्यापेक्षा ते 'असो' सोड.

टेडी संडे स्कूलला देऊ नकोस. गरिबांना का नाही दिलं, हा प्रश्न यात पुन्हा एकदा डोकावतोय, दिसला का? मुलांना काही द्यायचंच असेल तर तुझ्या पगारातून रंगखडू घे. टेडी कपाटावरच राहू दे, निदान तुमचं बोलणं होईपर्यंत. त्यानंतर दोघांनी हसत हसत मुलीला दिला तर गोष्ट वेगळी.

उरली कपल्स नाइट. इथे मी तुझ्या बाजूची आहे, फक्त माझं कारण निराळं. लाल पडद्यांनी आणि फुग्यांनी मंडळी बुडत नाही. मला प्रश्न पडतो तो त्या रात्री दाराबाहेर कोण राहिलं याचा. मंडळीतल्या विधवा, लग्न न झालेल्या नर्सेस, नवऱ्याने टाकलेली एखादी, आणि तुमच्या भुसावळात तर ज्यांचे नवरे त्या रविवारी लाइनवर होते त्या सगळ्या. शिवाय ५०० रुपये प्रत्येक घराला झेपतात असं नाही. करिंथच्या मंडळीत लोक एकत्र जेवायला जमायचे तेव्हा एक उपाशी राहायचा आणि दुसरा पिऊन तर्र व्हायचा, त्यावरून पौलाने त्यांना चांगलं झापलं होतं. आपल्याकडे प्रीतिभोजन हा प्रकार आहेच की. त्याला जोडी लागत नाही.

पण हे पाळकसाहेबांकडे तक्रार म्हणून नेऊ नकोस. पोरांनी हौसेने केलंय, त्यांचा हिरमोड होईल आणि पुढच्या वर्षी ती काहीच करणार नाहीत. नाताळच्या कार्यक्रमांची आखणी सुरू होते तेव्हाच तरुण संघाच्या सेक्रेटरीला गाठ आणि सांग की फेब्रुवारीतलं आमच्या भगिनी मंडळाबरोबर मिळून करू. तिकीट नको, दाराशी वर्गणीची पेटी ठेवा, ज्याला जे जमेल ते. रात्रीऐवजी दुपारची वेळ धरा, म्हणजे नाइट ड्यूटीला जाणारेही जेवून जातील. केक मात्र राहू द्या म्हणावं, नाहीतर पोरं फिरकायची नाहीत.